तटाबाहेरचे कोकणी

३ एप्रिल १८५८ च्या पहाटे झाशीच्या परकोटाला ज्यांनी शिड्या लावल्या, त्या गोऱ्या पलटणीचं नाव होतं तिसरी बॉम्बे युरोपियन. कंपनी सरकार गेल्यावर ही पलटण व्हिक्टोरिया राणीच्या लष्करात १०९वी म्हणून दाखल झाली आणि १८८१ साली तिची जोडी एका भलत्याच पलटणीशी लावली गेली. ती होती १००वी, प्रिन्स ऑफ वेल्सची रॉयल कॅनेडियन. ही शंभरावी कॅनडात उभी राहिली तीही १८५८ सालीच, आणि कारण हिंदुस्थानातलं बंडच. साम्राज्याला माणसं कमी पडताहेत म्हणून कॅनडातल्या राजनिष्ठांनी आपली पोरं देऊ केली. ती इंग्लंडला पोचेपर्यंत इकडचं युद्ध विझत आलं होतं, त्यामुळे त्यांची रवानगी जिब्राल्टरला झाली. पुढे दोन्ही पलटणी मिळून लीन्स्टर रेजिमेंट झाली. नाव आयर्लंडमधल्या एका प्रांताचं, पदवी कॅनडाची आणि निशाणावर झाशीच्या मोहिमेबद्दल मिळालेला ‘सेंट्रल इंडिया’ हा मान! १९२२ साली आयर्लंड वेगळं झालं तेव्हा ती मोडीत निघाली.

गोऱ्या पलटणींचा वंशवेल असा पानोपान सापडतो. कॅनडाने तर पुढे सामान्य शिपायाच्या बाबतीत कमालच केली. पहिल्या महायुद्धात भरती झालेल्या सुमारे सव्वासहा लाख माणसांच्या सेवापुस्तिका तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराने एकूण एक संगणकावर चढवल्या. आज ओंटारिओतली एखादी पणती पणजोबांचं नाव टाकते आणि तिला त्यांची उंची, छातीचा घेर, दंडावरचा व्रण, धर्म, धंदा, जवळचा नातेवाईक कोण, पगारातले किती डॉलर बायकोला जात होते, कोणत्या इस्पितळात किती दिवस काढले, सगळं घरबसल्या वाचायला मिळतं.

त्या पहाटे झाशीच्या तटाबाहेर तिसऱ्या युरोपियनच्या बरोबरीने मुंबई इलाख्याच्या दोन देशी पलटणी होत्या, २४वी आणि २५वी बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री. त्यांत रत्नागिरीकडचे, कुलाब्याकडचे, घाटावरचे कितीतरी मराठी शिपाई होते. त्यांची पुस्तिका कुठेच नाही.

मराठी वाचकाला झाशीचा वेढा माहीत आहे तो तटाच्या आतून. त्याचं श्रेय एका भिक्षुकाला जातं. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे यज्ञाची दक्षिणा मिळेल या आशेने १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि बंडात सापडले. वेढ्याच्या दिवसांत ते झाशीतच होते. पंचवीसेक वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी आठवणी लिहून काढल्या आणि १९०७ साली त्या ‘माझा प्रवास’ म्हणून छापल्या गेल्या. आतली तहान, आतली भीती, घराघरातली कत्तल आणि पाळीपाळीने झालेली लूट मराठीत आली ती त्यांच्यामुळे. ज्या नेवाळकरांच्या गादीसाठी हे सगळं चाललं होतं ते घराणंही मूळचं कोकणातलंच, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोट गावचं. म्हणजे तटाच्या आत कोकणी राज्यकर्ते आणि कोकणी भटजी, तर तटाबाहेर लाल डगल्यात कोकणी शिपाई. आतल्यांवर नाटकं, चित्रपट, कादंबऱ्या झाल्या. बाहेरच्याला आपण ‘इंग्रजांची फौज’ या दोन शब्दांत गुंडाळून ठेवलं. हे प्रकरण त्याच्यासाठी आहे.

मुंबईची फौज बंगालच्या फौजेहून वेगळी होती. बंगालच्या पलटणी प्रामुख्याने अयोध्या आणि बिहारकडच्या ब्राह्मण-राजपुतांनी भरलेल्या. मुंबईच्या पलटणीत मराठा, महार, मुसलमान, बेने इस्राएल म्हणजे आपले शनवार तेली आणि उत्तरेकडून आलेले ‘परदेशी’ एकाच ओळीत उभे राहात. बढती निव्वळ सेवाज्येष्ठतेवर नसे, वकूबही पाहिला जाई, त्यामुळे महार किंवा बेने इस्राएल माणूसही सुभेदार होऊ शके. गावात ज्याची सावली टाळली जाई त्याच्या हाताखाली गावच्या पाटलाचा पोरगा कवायत करतो आहे, असं दृश्य त्या काळात पलटणीबाहेर कुठे दिसणं शक्य नव्हतं. महार शिपायाच्या चाकरीचा विचार करताना ही गोष्ट बाजूला ठेवता येत नाही. त्याला ‘स्वराज्याशी द्रोह’ वगैरे शब्द लावणाऱ्यांनी आधी त्याला गावात काय मिळत होतं ते पाहावं.

पगार महिना सात रुपये. सोळा वर्षं नेकीने काढली तर एक रुपया वाढे, वीस वर्षांनी आणखी एक. पंधरा वर्षांनंतर शरीर थकल्यामुळे नोकरीतून काढलं तर महिना चार रुपये पेन्शन. सात रुपये फार नव्हते. छावणीत शिपायाला शिधा फुकट मिळत नसे. पलटणीच्या बाजारातून पीठ, तांदूळ, डाळ, तेल, सरपण त्यानेच विकत घ्यायचं, चूल मांडायची, भाकरी थापायची. उरलेल्यातून गावी पाठवायचे. तरी कोकणातल्या वरकस जमिनीवर नाचणी-वरी पिकवणाऱ्या आणि खोताचा वाटा भरणाऱ्या घराला महिन्याच्या महिन्याला हातात येणारा रोख पैसा म्हणजे केवढा आधार! मनिऑर्डरवर जगणारं कोकण गिरण्यांमुळे झालं असं आपण म्हणतो. गिरण्यांच्या आधी ते काम पलटणीने केलं. दापोलीला आजही जुनी माणसं ‘कॅम्प दापोली’ म्हणतात, ती या पेन्शनरांच्या वस्तीचीच खूण.

आणि हे शिपाई नवखे नव्हते. दोन्ही पलटणी १८२० साली उभ्या राहिल्या होत्या. २४वी पलटण १८३९ च्या जानेवारीत जहाजातून जाऊन एडनवर उतरली होती आणि ते बंदर जिंकणाऱ्यांत होती. २५वी १८४३ साली सिंधमध्ये मियाणीला चार्ल्स नेपियरच्या हाताखाली लढली होती. झाशीसमोर उभ्या असलेल्या एखाद्या केस पिकलेल्या हवालदाराने समुद्र ओलांडला असेल, वाळवंटातली लढाई पाहिली असेल. समुद्र ओलांडण्यावरून बंगालच्या फौजेत केवढा गहजब व्हायचा. मुंबईच्या शिपायाला ती नित्याची बाब होती.

मात्र मुंबईचे सगळे शिपाई निमूट राहिले असंही नाही. ३१ जुलै १८५७ च्या रात्री कोल्हापुरात २७व्या बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीने उठाव केला. रामजी शिरसाट हे त्यातलं पुढारीपणाचं नाव. त्या उठावाचा फार निर्दयपणे बीमोड झाला. ऑक्टोबरात मुंबईतच दिवाळीच्या दिवसांत उठावाचा बेत शिजत असल्याचा आरोप ठेवून मरीन बटालियनचा ड्रिल हवालदार सय्यद हुसेन आणि १०व्या पलटणीचा शिपाई मंगल गाडिया या दोघांना १५ तारखेला एस्प्लनेडवर, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात, तोफेच्या तोंडी दिलं. ही दहावी पलटण ध्यानात ठेवा, ती पुढे ग्वाल्हेरजवळ भेटणार आहे. एकाच इलाख्यातल्या, एकाच पगारावरच्या, एकाच मुलुखातल्या माणसांपैकी काहींनी बंदूक वळवली आणि बहुतेकांनी वळवली नाही. का, याचं एका वाक्यातलं उत्तर इतिहासकार देतात तेव्हा मला त्यांच्या धाडसाचं कौतुक वाटतं. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याशी इमान हा एक भाग. जातीचा आणि पगाराचा हिशेब हा दुसरा. तोफेच्या तोंडी गेलेल्यांची दहशत हा तिसरा. आणि चौथा भाग असा की अयोध्येतल्या तालुकदाराचा राग कोकणच्या कुळाला आपला वाटण्याचं काही कारणच नव्हतं. झाशी खालसा झाली ती १८५४ साली. साताऱ्याचं राज्य त्याच्या आधी सहा वर्षं खालसा होऊन गेलं होतं, आणि त्याही वेळी हा शिपाई पगारावर होता.

आता मोहीम. मेजर जनरल सर ह्यू रोज जानेवारी १८५८ मध्ये महूहून निघाला. फौजेचे दोन भाग होते. पहिल्या ब्रिगेडमध्ये ८६वी गोरी पलटण आणि आपली २५वी. दुसरीत तिसरी युरोपियन आणि आपली २४वी. जोडीला हैदराबाद कंटिंजंटचे स्वार आणि पायदळ, मद्रास आणि मुंबईचे सॅपर्स, तोफखाना, वेढ्याच्या जड तोफा ओढणारे हत्ती आणि बैल. दुसरी ब्रिगेड राहतगडचा किल्ला घेऊन ३ फेब्रुवारीला सागरला पोचली, मग गढाकोटा, मग मार्चच्या सुरुवातीला मदनपूरची खिंड. पहिली ब्रिगेड पश्चिमेकडून आली आणि १७ मार्चला तिने चंदेरी घेतली. चंदेरीच्या साड्या आपल्याला ठाऊक, तिथला किल्ला चढलेल्या २५व्या पलटणीतले हात बहुधा आपल्या आज्यांच्या गावचे होते हे ठाऊक नसतं.

कूच म्हणजे काय ते अशा नोंदींवरून कळत नाही. उन्हाच्या भीतीने मध्यरात्री उलटून दोनच्या सुमाराला बिगुल वाजे. अंधारात राहुट्या पाडायच्या, उंटांवर लादायच्या, पडतळं चढवायचं आणि चालू लागायचं. सूर्य वर येईतो पुढचा मुक्काम गाठायचा. लढणाऱ्यांपेक्षा न लढणारे जास्त: भिस्ती, डोलीवाले भोई, माहूत, गवतकापे, बाजारातले वाणी, शिंपी, मोची, लोहार. शिपाई मुक्कामावर पोचला की पहिलं काम विहीर शोधायचं. कमरेचा लोटा आणि दोरी हे त्याचं बंदुकीइतकंच महत्त्वाचं हत्यार. मग तीन दगडांची चूल. गोऱ्या शिपायाला रसद खात्याचं मांस आणि रम मिळे, स्वयंपाकी असे. देशी शिपाई चार तास चालून आल्यावर स्वतःच्या भाकरी स्वतः भाजे. या मोहिमेवर दोन चांगली पुस्तकं १८६० साली निघाली, एक टॉमस लो याचं, दुसरं जे. एच. सिल्व्हेस्टर याचं. दोघेही फौजेतले डॉक्टर. त्यामुळे लढाईच्या डावपेचांइतकंच ऊन, ताप, जुलाब आणि पाण्याचं दुर्भिक्ष यांबद्दल आपल्याला कळतं. सेनापतींनी लिहिलेल्या इतिहासांपेक्षा मला हे डॉक्टर जास्त भरवशाचे वाटतात.

२१ मार्चला फौज झाशीसमोर आली. राणीने आजूबाजूची झाडं तोडून टाकली होती, गवत जाळून टाकलं होतं. सावली नाही, चारा नाही. ओरछाच्या दरबाराने आणि शिंद्यांनी इंग्रजांना वैरण आणि धान्य पुरवलं म्हणून वेढा टिकला. ही शिंद्यांची मदत मराठी इतिहासात जरा हळू आवाजात सांगितली जाते. २५ तारखेपासून तोफांची सरबत्ती सुरू झाली. आतून गुलाम घौसखानाच्या तोफा चोख उत्तर देत होत्या. बायका दारूगोळा वाहताहेत, मोर्चांवर काम करताहेत, हे बाहेरून दुर्बिणीतून दिसत होतं आणि रोजने तसं कळवलंही. सतरा दिवस फौजेला धड अंगावरचे कपडे उतरवायला मिळाले नाहीत. शिपायाचा दिवस म्हणजे खंदकातली पाळी, वाळूच्या गोण्या भरणं, तोफांच्या मोर्चांवर पहारा आणि भाजलेल्या खडकावर पडून राहणं.

पूर्वेकडच्या एका टेकडीवर रोजने निशाणकाठी उभारून ठेवली होती. ३१ मार्चला तिच्यावर बावटे चढले. तात्या टोपे वीस हजारांच्या वर फौज घेऊन बेटवा ओलांडत होता. रोजसमोर दोनच वाटा: वेढा उठवून तात्याला सामोरं जायचं, किंवा वेढा तसाच ठेवून हाताशी असतील तेवढ्या माणसांनिशी भिडायचं. त्याने दुसरी निवडली. १ एप्रिलच्या सकाळी मैदानात त्याच्याजवळ जेमतेम दीड हजार माणसं होती आणि त्यांत गोरं पायदळ पाचशेच्या आसपास. हा आकडा जरा थांबून पाहण्यासारखा आहे. गोरे पाचशे, तर बाकीचे बहुतेक कोण? मुंबईचे आणि हैदराबादचे देशी शिपाई आणि स्वार. इंग्रजी ग्रंथांत बेटवाची लढाई ‘मूठभर इंग्रजांनी’ जिंकल्याचं वर्णन येतं. मूठ होती खरी, तिच्यातली बहुतेक बोटं काळी होती. तात्याची पहिली फळी घोडदळाच्या आणि तोफांच्या माऱ्याने फुटली, जंगलाला आग लागली आणि धुरातून पाठलाग बेटवेच्या पार गेला. पेशव्यांच्या नावाने लढणारा मराठी सरदार मुंबईच्या मराठी शिपायांकडून त्या दिवशी हरला. याला दुर्दैव म्हणा, नाहीतर १८१८ पासून चालत आलेली रीत म्हणा.

दोन दिवसांनी हल्ला. पहाटे तीनच्या सुमारास पश्चिमेकडून हुलकावणीच्या तोफा सुटल्या आणि दोन टोळ्या निघाल्या. उजवीकडे तिसरी युरोपियन आणि सॅपर्स शिड्या खांद्यावर घेऊन धावले. काही शिड्या आखूड पडल्या, काही वजनाने मोडल्या. वरून गोळ्या, दगड, पेटते ओंडके, दारूची मडकी. इंजिनिअर्सचे डिक आणि मिकलजॉन हे दोन तरुण अधिकारी तटावर चढताच मारले गेले. डावीकडे तोफांनी भिंतीला भगदाड पाडलं होतं. तिथून ८६वी आणि तिच्यासोबत २५व्या पलटणीचे शिपाई आत घुसले. मग गल्ली गल्ली, घर घर करत राजवाड्यापर्यंत. पागेत राणीचे चाळीसएक विलायती, म्हणजे पठाण-मकराणी शरीररक्षक, शेवटच्या माणसापर्यंत लढले. राजवाड्यात एक इंग्रजी निशाण सापडलं. झाशीच्या जुन्या राजाला लॉर्ड बेंटिंकने मैत्रीची खूण म्हणून दिलेलं. तेच निशाण राजवाड्यावर चढवलं गेलं. माझ्या मते डलहौसीच्या खालसा धोरणावर याहून बोचरी टीका कोणी केलेली नाही.

त्यानंतर शहरात जे झालं ते गोडसे भटजींनी लिहून ठेवलं आहे. कत्तल, आगी, राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाचा नाश आणि लूट. आधी सोनंचांदी, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडालत्ता. या लुटीतून देशी शिपायाला वगळायचं कारण नाही. ज्याच्याबद्दल आपण सहानुभूतीने बोलतो आहोत तोही त्या गल्ल्यांत होता आणि लपून बसलेल्या एखाद्या ब्राह्मणाला दार ठोठावणाऱ्याचा शिव्या देणारा आवाज ओळखीच्या बोलीत ऐकू आला असेल, हेही अशक्य नाही. ४ एप्रिलच्या रात्री राणी किल्ल्यातून निसटली. तिचे वडील मोरोपंत तांबे पकडले गेले आणि जोखनबागेत फासावर गेले. आदल्या वर्षीच्या जूनमध्ये साठेक इंग्रज पुरुष, बायका, मुलं जिथे मारली गेली होती तीच ही जागा. झाशीच्या वेढ्यात रोजचे मेलेले आणि जखमी मिळून ३४३ झाले, त्यांतले ३६ अधिकारी. आतल्या मृतांचा इंग्रजांचा अंदाज पाच हजारांचा आहे.

३४३ पैकी गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं आपल्याला मिळतात. देशी शिपाई बहुधा आकड्यातच येतो. व्हिक्टोरिया क्रॉसचं पाहा. झाशी आणि बेटवा मिळून ८६व्या पलटणीतल्या चौघांना तो मिळाला, त्यांत साधे सैनिक जेम्स बर्न आणि जेम्स पिअर्सनही. तिसऱ्या युरोपियनमधल्या फ्रेडरिक व्हर्लपूल या सैनिकालाही झाशीतल्या आणि पुढे लोहारीतल्या पराक्रमाबद्दल मिळाला. व्हर्लपूल हे त्याने भरतीच्या वेळी घेतलेलं टोपणनाव. लोहारीला सतरा जखमा झेलून तो वाचला, ऑस्ट्रेलियात जाऊन राहिला आणि १८९९ साली वारला. संशोधकांनी त्याचं खरं नाव, गाव, सगळं शोधून काढलं आहे. २५व्या पलटणीतला जो शिपाई त्याच तटावरून त्याच पहाटे आत उतरला, त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळणं शक्यच नव्हतं, कारण देशी सैनिकांना तो १९११ पर्यंत खुलाच नव्हता. त्यांच्यासाठी ऑर्डर ऑफ मेरिट हे वेगळं पदक होतं आणि ते फार थोड्यांच्या वाट्याला आलं. याच बाबतीत भीमा कोरेगावचा स्तंभ वेगळा आहे. १८१८ च्या त्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावं दगडात कोरलेली आहेत; त्यांतली बावीस ‘नाक’ या प्रत्ययाने संपतात म्हणून आज आपण सांगू शकतो की ते महार होते. झाशीच्या वेळी कोणी तसा दगड उभारला असता तर हे प्रकरण लिहिणं कितीतरी सोपं झालं असतं.

झाशीनंतरचे अडीच महिने उन्हाशी लढण्यात गेले. २४व्या पलटणीचे काही लोक झाशीच्या बंदोबस्ताला राहिले, बाकीची फौज काल्पीच्या रस्त्याला लागली. ७ मे रोजी कूंचला लढाई झाली तेव्हा सावलीत पारा एकशेदहा फॅरनहाइटच्या पुढे होता. खुद्द रोज ऊन लागून तीनदा कोसळला. डॉक्टरने डोक्यावर पाणी ओतून त्याला तिन्ही वेळा पुन्हा घोड्यावर बसवलं. शिपायावर पाणी ओतायला डॉक्टर नसतो. डोल्या भरभरून माणसं मागे नेली गेली. २३ मेला काल्पी पडली. १ जूनला रोजने फौजेचा निरोप घेताना हजार मैलांहून अधिक चाल आणि शंभराहून अधिक जिंकलेल्या तोफा हा हिशेब मांडला. निरोपाचा हुकूम निघतो न निघतो तोच बातमी आली की राणी, तात्या आणि रावसाहेब पेशव्यांनी ग्वाल्हेर घेतलं, आणि सगळे पुन्हा चालू लागले.

१७ जूनला कोटा की सरायला राणी पडली. तिथे आठव्या हुझार्स स्वारांबरोबर पायदळात १०वी बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री होती. आठ महिन्यांपूर्वी जिच्यातला मंगल गाडिया मुंबईत तोफेच्या तोंडी गेला होता, तीच. २० जूनला ग्वाल्हेरचा किल्ला पडला तो २५व्या पलटणीच्या एका छोट्या तुकडीमुळे. किल्ल्यावरून एक तोफ अधूनमधून आग ओकत होती. पायथ्याशी पहाऱ्यावर असलेल्या रोज आणि वॉलर या दोन लेफ्टनंटांनी आपले शिपाई घेतले, एक लोहार धरून आणला आणि थेट चढाचा रस्ता धरला. लोहाराने एकामागून एक दरवाजे फोडले, शेवटच्या कमानीखाली हातघाईची लढाई झाली, लेफ्टनंट रोज मारला गेला, किल्ला मिळाला. लोहाराचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही. हा लेफ्टनंट रोज म्हणजे सेनापती रोज नव्हे, नामसाधर्म्य फक्त.

आता पैशाचं बोलू, कारण शिपायाच्या चाकरीचा शेवट तिथेच होतो. लढाईत मिळालेला माल कायद्याने सरकारजमा व्हायचा, त्याचा लिलाव व्हायचा आणि रक्कम दर्जानुसार वाटली जायची. या मोहिमेतलं सगळ्यात मोठं घबाड झाशीत नव्हतं. ते होतं चित्रकूटजवळच्या कर्वीला, अमृतराव पेशव्यांच्या वंशजांच्या वाड्यात. ६ जून १८५८ रोजी जनरल व्हिटलॉकच्या मद्रास फौजेने एक गोळीही न झाडता ते ताब्यात घेतलं. रोजच्या फौजेचं म्हणणं असं की झाशी आणि काल्पी आम्ही रक्त सांडून घेतली म्हणून कर्वीचा रस्ता मोकळा झाला, तेव्हा आमचाही वाटा. खटला लंडनच्या ॲडमिरल्टी कोर्टात गेला आणि १८६६ साली न्यायमूर्ती लशिंग्टननी रोजच्या फौजेचा दावा फेटाळला. पेशव्यांची दौलत त्यांच्याच मुलुखातल्या मराठी शिपायांना मिळायची ती व्हिटलॉकच्या लोकांना मिळाली. ही कहाणी मराठीत इतकी कमी सांगितली गेली आहे याचं नवल वाटतं.

पुढे पलटणींचे आकडे बदलत गेले. २५वी नेपियर रायफल्स झाली आणि तिचा वंश आज भारतीय लष्कराच्या राजपुताना रायफल्समध्ये मोडतो. २४वीचं बलुचिस्तान पलटणीत रूपांतर झालं आणि फाळणीत ती पाकिस्तानच्या वाट्याला गेली. झाशी घेणाऱ्या पलटणीचा वारसा आज पाकिस्तानी फौजेच्या बलोच रेजिमेंटकडे आहे. महारांची भरती १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला बंदच झाली. लढवय्या जातींचं खूळ लष्करात शिरलं होतं आणि झाशीचा तट चढलेल्यांची नातवंडं त्या यादीत बसेनात. गोपाळबुवा वलंगकरांसारख्या निवृत्त हवालदाराने विनंतीअर्ज लिहिले ते याच अन्यायाविरुद्ध. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. तिचं केंद्र आज सागरला आहे, रोजच्या फौजेने ज्या रस्त्याने झाशी गाठली त्याच रस्त्यावर.

या शिपायांची एकच वस्तू अजून घरोघर सापडू शकते. मोहिमेत भाग घेतलेल्यांना चांदीचं पदक मिळालं होतं. रुपयाहून बरंच मोठं. एका बाजूला तरुण व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला सिंहापुढे उभी ब्रिटानिया, हातात पुष्पचक्र, आणि खाली १८५७-१८५८. फीत पांढरी, तिच्यावर दोन लाल पट्टे. वर आडवी पट्टी असेल आणि तिच्यावर इंग्रजीत ‘सेंट्रल इंडिया’ कोरलं असेल तर ते या मोहिमेचं. अशी किती पदकं सोनाराच्या मुशीत गेली असतील कोण जाणे. खेड, दापोली, मंडणगड, महाड, चिपळूण, वाई, कराड या भागातल्या ज्या घरांत पलटणीची परंपरा सांगितली जाते, तिथे जुन्या पेटीत, देव्हाऱ्याखाली, आजीच्या डब्यात असं पदक निघालं तर ते घासून चमकवायला घेऊ नका. घासण्याने कडेवरची अक्षरं झिजतात. पदकाच्या कडेवर शिपायाचं नाव आणि पलटणीचा आकडा असू शकतो. भिंगातून वाचा, फोटो काढा आणि जिल्ह्यातल्या इतिहास मंडळाकडे किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे कळवा.